ओटीए चेन्नईची ट्रंक : यादीत नसलेलं काय भरावं?

मीना_जुळेसोलापूर
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या लेकीची चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत निवड झाली. एनसीसीच्या विशेष प्रवेशातून गेली. 'सी' प्रमाणपत्र होतं, म्हणून लेखी परीक्षा नव्हती. थेट एसएसबीचे (सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखती-चाचण्यांचे) पाच दिवस, मग मेडिकल, मग गुणवत्ता यादी. परवा जॉइनिंग लेटर हातात पडलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय. ट्रेनिंग ४९ आठवड्यांचं.

आमच्या घरात फौजेत कुणीच नाही. हे टॉवेलच्या कारखान्यात, मी बालवाडीत शिकवते. पत्रासोबत यादी आलीय: काळी ट्रंक, पांढरे शर्ट, गडद पँट, ब्लेझर, पोहण्याचा पोशाख, मच्छरदाणी, कुलपं वगैरे. ते सगळं आणू. मला यादीत नसलेलं विचारायचंय. जे स्वतः गेलेत किंवा ज्यांची मुलं गेलीत त्यांनी सांगा, काय नेलं नाही म्हणून हळहळलात आणि कशाचं ओझं उगाच वाहिलंत?

आणखी एक. तिचे केस कमरेपर्यंत आहेत. इथेच कापून पाठवू का? ती नुसतं "बघू" म्हणते. पुन्हा विचारायचा मला धीर होत नाही.

बाळीवेसकर
ताई, आधी पेढे! आपल्या जुळे सोलापूरची पोरगी लेफ्टनंट होणार, बाकीचं मागनं बघू की.

चेन्नई_रिटर्न
मीनाताई, मनापासून अभिनंदन. मी त्याच अकॅडमीतून बाहेर पडले, नोकरी पुरी करून आता पुण्यात आहे. सविस्तर लिहिते, तुमच्या लेकीला वाचायला द्या.

ट्रंक भरायला एक दिवस पुरतो. पाय तयार व्हायला दोन महिने लागतात, आणि तुमच्याकडे तेवढेही नाहीत. माझ्या बॅचमध्ये पहिल्या महिन्यात ज्या मुली मागे पडल्या, त्यातल्या बहुतेक दमामुळे पडल्या नाहीत. पायांमुळे पडल्या. जायच्या आदल्या आठवड्यात मी छान, महागडे पळायचे बूट घेतले आणि खोक्यातून काढून तसेच ट्रंकेत टाकले. तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचा सोलल्या. मोजा काढताना कातडी मोज्याला चिकटून आली. त्याच टाचांवर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा फॉल-इन, म्हणजे रांगेत हजर. टाच दुखते म्हणून तिथे घड्याळ थांबत नाही.

म्हणून बूट आज घ्या. दोन जोड, अर्धा नंबर मोठे, आणि संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. दोन्ही आलटून पालटून वापरून इथेच मऊ करू द्या. काळे लेदरचे बूटही तसेच, रोज अर्धा तास घरात घालून फिरू दे. फरशीवर टकटक होईल, होऊ दे.

यादीत नसलेलं म्हणाल तर: कापडी चिकटपट्टी, सुई-दोरा आणि शर्टाची दहा-बारा जादा बटणं, नखं कापायचं चांगलं यंत्र, जुनं मऊ सुती कापड (बूट चमकवायला जुन्या बनियनसारखं दुसरं काही नाही), सेफ्टी पिना, आणि सॅनिटरी पॅडचा दोन महिन्यांचा साठा. पहिले काही आठवडे दुकानात जायला सवड मिळत नाही.

ओझं झालं ते हेअर ड्रायर, चार जीन्स आणि अभ्यासाची पुस्तकं. पुस्तक उघडायची वेळ आली की डोळे मिटायचे.

शिलाईवाला
पांढरे शर्ट आणि पँट तयार घेऊ नका, शिवून घ्या. आपलं गाव गणवेशाचं आहे, देशभरच्या शाळांना इथून कपडे जातात. पण शिंप्याला एक गोष्ट बजावून सांगा. शिवणीत दाब (आत दुमडलेलं जादा कापड) सोडायचा, पँटला कमरेत आणि मागे दीड इंच, शर्टाला खांद्यात आणि काखेत. माझ्याकडून दोन मुलं डेहराडूनच्या सैनिकी अकॅडमीत गेली. दोघांची कंबर सुटली आणि खांदे भरले. एकाला आतला दाब उसवून शर्ट वापरता आला, दुसऱ्याचा शर्ट पाठीवर फाटला. आणि पँट घोट्यावर निमुळती नको, सरळ शिवा. आजकालच्या पोरांना आवडत नाही, पण तिथे सरळच लागते.

चाटीगल्ली
आपली सोलापुरी चादर दिल्याशिवाय पाठवू नका हो ताई. जेकार्डची, मोराची. पोरगी कुठेही झोपली तरी अंगावर सोलापूर असलं पाहिजे.

चेन्नई_रिटर्न
@चाटीगल्ली, भावना शंभर टक्के पटली, पण चादर ऑक्टोबरात नको. आपल्याकडे पाऊस उघडतो तेव्हा चेन्नईत सुरू होतो. ईशान्य मोसमी पाऊस तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर. जाड सुती कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास सुटतो. जाड टेरी टॉवेलचंही तेच. (मीनाताई, तुमच्या ह्यांना वाईट वाटू देऊ नका!) दोन पातळ पंचे द्या. पिळले, झटकले की तासाभरात कोरडे.

चाटीगल्ली
तीन पिढ्या चादरी विकतोय. आमची चादर धुतल्यागणिक मऊ होते. ओली राहते ही तक्रार पहिल्यांदा ऐकली.

बार्शीकर
सोलापूरच्या उन्हात फरशीपण वाळते शेठ. मद्रासच्या पावसात वाळवून दाखवा.

सुभेदार_मोहोळ
चादर न्या, पण एकेरी विणीची हलकी. भांडण मिटलं.

वेळापूरची_सून
आणि खायला काय? शेंगा चटणी, कडक भाकरी? कडक भाकरी महिनाभर टिकते. चटणी उखळात कुटलेली असेल तर तिचं तिलाच तेल सुटतं, वरून घालावं लागत नाही. मिक्सरची देऊ नका, तिचा भुगा होतो.

सुभेदार_मोहोळ
वहिनी, जेवणाची काळजी नको. मेसमध्ये पोटभर आणि चांगलं मिळतं. तिथे जेवण कमी पडत नाही, झोप कमी पडते. आमच्या वेळी पहिल्याच दिवशी सामानाची तपासणी झाली, घरचा डबा बाहेर ठेवायला लावला. खोलीत खाणं ठेवलं की मुंग्या, उंदीर. चटणी गाडीत संपवा, दिवाळीनंतर पार्सल करा.

वेळापूरची_सून
डबा बाहेर ठेवला म्हणजे फेकला??

सुभेदार_मोहोळ
नाही. उस्तादांनी (ड्रिल शिकवणाऱ्यांनी) वाटून खाल्ला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "किसके घर का था?" मी हात वर केला. "बढिया था," म्हणाले, आणि वीस फ्रंट रोल मारायला लावले.

पद्मसाळी_पोरगा
😄 सुभेदारसाहेब, वीस रोलमध्ये चटणी वसूल!
ताई, एक बिनकामाची माहिती. अकॅडमीत हिंदी-इंग्रजी चालेल, पण बाहेर तमिळ. सोलापूरच्या आमच्या तेलुगू वस्तीत, पूर्वभागात राहून ती थोडं तेलुगू शिकली असेल तर गुंटकल-रेणिगुंट्यापर्यंत गाडीत चहा मागता येईल, पुढे नाही.

कोजागिरी_पायी
वर चेन्नई_रिटर्न यांनी पायांचं लिहिलंय त्याला जोरदार अनुमोदन, आणि त्यात आपल्या गावचं ज्ञान घालतो. मी अकरा वर्षं कोजागिरीला तुळजापूरला चालत जातो. रूपाभवानीपासून निघालो की पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. फोडांचं शास्त्र मला त्या रस्त्याने शिकवलं.

फोड उष्णतेने येतो असं लोक म्हणतात. तो येतो घासण्याने आणि ओलाव्याने. पाय घामेजला की कातडी नरम पडते आणि मोजा तिला ओढतो. म्हणून दोन मोजे घालायचे, आत पातळ आणि वर जाड. मग घर्षण मोज्या-मोज्यात होतं, कातडीवर नाही. जिथे चुरचुरायला लागलं तिथे फोड यायच्या आधी पट्टी लावायची. सगळे चुकतात ते इथेच, "पुढच्या मुक्कामाला बघू" म्हणतात. फोड आलाच तर वरची कातडी काढायची नाही. सुई उकळून कडेला भोक पाडायचं, पाणी दाबून काढायचं, कातडी तशीच झाकण म्हणून ठेवायची. नखं सरळ कापायची, कोपरे गोल केले की ती मांसात शिरतात.

ताई, यंदा कोजागिरीला ती इथे नसणार. तर आधीच एखाद्या रविवारी पहाटे तिला तुळजापूरच्या रस्त्याने पाठीवर पिशवी घेऊन चालू द्या, अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन परत. सोबतीला आम्ही चार-पाच जण आणि माझी बायको येऊ.

मीना_जुळेसोलापूर
तुम्ही सगळे इतकं लिहिताय, डोळ्यांत पाणी आलं. लेकीने सगळं वाचलं. दादा, या रविवारी येते म्हणाली. मीसुद्धा येते, जमेल तिथपर्यंत.

फिजिओ_होटगीरोड
फोड आठ दिवसांत बरा होतो. मला भीती नडगीच्या हाडाची वाटते. अचानक रोज पळणं, ड्रिल आणि वजन सुरू झालं की हाड आधी थोडं झिजतं आणि मग भरून येतं. भरून यायच्या आत भार वाढत गेला तर बारीक चीर पडते, तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. मुलींमध्ये जास्त दिसतं. चीर पडली की सहा-आठ आठवडे आराम, आणि तेवढं ट्रेनिंग बुडलं तर पुढच्या बॅचबरोबर बसावं लागू शकतं. म्हणून आताच हळूहळू चढवा, दर आठवड्याला थोडंच. आज शून्य आणि उद्या दहा किलोमीटर, असं करू नका.

उद्याच रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडून गोळ्या सुरू करा. 'ड' जीवनसत्त्वही बघा. जेवणाबरोबर चहा बंद, त्याने लोह अंगी लागत नाही. बाजरीची भाकरी, हुलगे, तीळ, शेंगदाणे, आणि वर लिंबू. दुखणं हाडावर एका बोटाएवढ्या जागी असेल आणि दाबल्यावर कळ येत असेल तर तिने तिथे अंगावर काढू नये, लगेच एमआय रूममध्ये (अकॅडमीच्या दवाखान्यात) सांगावं. आपल्या मुली सांगत नाहीत.

नवा_उमेदवार
मी पण सीडीएसची (सैन्यात अधिकारी होण्याच्या लेखी परीक्षेची) तयारी करतोय. पळायला नक्की किती लागतं? होम मैदानावर रोज पळतो.

चेन्नई_रिटर्न
भरतीच्या जाहिरातीत, येताना काय जमायला हवं ते दिलेलं असतं. २.४ किलोमीटर मुलांना १० मिनिटं ३० सेकंदांत, मुलींना १३ मिनिटांत. पुश-अप मुलांना ४०, मुलींना १५. पुल-अप ६ आणि २. सिट-अप ३० आणि २५. पोहण्याची तोंडओळख हवी. मुलींचं घोडं पुल-अपला अडतं. उपाय सोपा आहे: स्टुलावर चढून हनुवटी दांडीच्या वर न्यायची आणि पाच आकडे मोजत सावकाश खाली यायचं. वर जाणं जमत नसलं तरी खाली येण्यानं ताकद येते. दीड महिन्यात पहिला पुल-अप निघतो.

रोखठोक_७१
थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. इतकी तयारी कशाला? ते लोक कच्ची मातीच मागतात, घडवायचं काम त्यांचं. माझा पुतण्या खडकवासल्याला एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) काहीच न करता गेला, सहा महिन्यांत लोखंड झाला. आणि मुलींना हे खरंच झेपतं का, हाही प्रश्न आहेच.

सुभेदार_मोहोळ
रोखठोकसाहेब, पुतण्या साडेसतराचा असेल आणि एनडीएची तीन वर्षं त्याच्या हातात होती. इथे ४९ आठवडे आहेत. तीन वर्षांत जे हळूहळू भरतात ते इथे वर्षात कोंबतात. मी स्वतः पोरांना ड्रिल शिकवलंय. कच्ची मातीही मळून आणलेली असली की चाकावर लवकर उभी राहते.

चेन्नई_रिटर्न
झेपतं का, याचं उत्तर. ही अकॅडमी १९६३ पासून आहे, चीनच्या युद्धानंतर अधिकारी कमी पडले म्हणून सुरू झाली. तिथे मुली १९९२ पासून शिकतायत. एनडीएतही २०२२ ला मुली गेल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या तुकडीच्या १७ जणी बाहेर पडल्या. मी स्वतः पाठीवर वजन घेऊन चालले आहे, रात्री, पावसात. झेपतं.

रोखठोक_७१
आकडे माहीत नव्हते. मान्य करतो. ताई, तुमच्या लेकीला शुभेच्छा, मनापासून.

विजापूररोड_बाबा
कागदांचं कुणी लिहिलं नाही, आणि माझा मुलगा तिथेच अडकला होता. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधार, पॅन, पासपोर्टवर नाव आधी. वर आईचं नाव दहावीला एका तऱ्हेने आणि बारावीला दुसऱ्या. महाराष्ट्राबाहेरच्या कारकुनाला ती दोन माणसं वाटतात. आम्ही एका कार्यालयात 'ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र करायला तीन वेळा गेलो. तिसऱ्यांदा शिक्का पुसट उठला म्हणून पुन्हा परत. गाडीला चार दिवस उरले होते. मुलगा पायरीवर बसून होता, एक शब्द बोलत नव्हता. त्याची ती पाठ मला अजून दिसते.

तर ताई, आज रात्रीच सगळे कागद ओळीने मांडा आणि प्रत्येक अक्षर जुळवून बघा. फरक असला तर प्रतिज्ञापत्र उद्याच करा. पदवी प्रमाणपत्र हातात नसेल तर विद्यापीठातून तात्पुरतं घ्या. बाँडवर पालकांची सही लागते, तो नीट वाचून सही करा. स्वतःच्या मर्जीने मधेच सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च भरावा लागतो. मूळ कागदांचा एक संच, प्रतींचे तीन, आणि फोटो भरपूर. हे ट्रंकेत नाही, तिच्या हातातल्या पिशवीत.

मीना_जुळेसोलापूर
बाबा, तुमचे पाय धरते. आत्ता बघितलं, बारावीला माझं नाव 'मिना' छापलंय. ऱ्हस्व! इतक्या वर्षांत लक्षातच आलं नव्हतं. सकाळी हे जातायत.

बाळीवेसकर
ट्रंक कुठून घेतली ताई?

मीना_जुळेसोलापूर
मधल्या मारुतीजवळून, बनवून. वीस गेजचा पत्रा म्हणाला, मला त्यातलं कळत नाही. पण झाकण हाताने दाबून बघितलं, दबलं नाही.

सुभेदार_मोहोळ
झाकणावर नाव लिहाल ते ठीक. बाजूच्या आखूड अंगावरही पांढऱ्या रंगाने लिहा. ट्रंक पलंगाखाली सरकवली की तेवढीच बाजू दिसते, आणि सगळ्यांच्या ट्रंका काळ्या. समुद्राची हवा आहे, बिजागऱ्यांना आणि कडी-कोयंड्याला आत्ताच तेल द्या. तळाला वर्तमानपत्र नको, ओल धरतं. जाड प्लास्टिक घाला.

चेन्नई_रिटर्न
आणि पंधरा-वीस अंतर्देशीय पत्रं, तुमचा पत्ता लिहून तयार. आमच्या वेळी सुरुवातीला फोन जवळ नसायचा. रात्री दिवे जायच्या आधी दोन ओळी लिहायला वेळ मिळायचा, पत्ता लिहायला नाही.

मीनाताई, केसांचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. माझे तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कापले. रांगेत उभं राहून, एकामागून एक, कुणाला आरसा नाही. मला रडू आलं नाही, पण आईला फोनवर सांगता आलं नाही. तिने मला थेट पासिंग आउटला, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरच्या संचलनाला, पाहिलं. ती म्हणते, "मी शेवटची वेणी कधी घातली ते आठवत नाही, माहीत असतं तर लक्षात ठेवली असती." एवढंच सांगते. ठरवायचं तुम्ही दोघींनी.

मीना_जुळेसोलापूर
(सव्वा महिन्याने लिहितेय.)

कोजागिरी_पायी दादा-वहिनी, तीन रविवार तुम्ही सोबत आलात, विसरणार नाही. पहिल्या रविवारी तिच्या डाव्या करंगळीला फोड आला, तिसऱ्या रविवारी एकही नाही. हिमोग्लोबिन १०.८ होतं, आता १२.१ आहे. प्रतिज्ञापत्र झालं. २.४ किलोमीटर १२ मिनिटं ४० सेकंदांत येते. पुल-अप एक पूर्ण, दुसरा अर्धा.

चेन्नई_रिटर्न ताई, तुमचा प्रतिसाद मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. ती काहीच बोलली नाही. गुरुवारी तेलाची वाटी घेऊन स्वतःच माझ्यापुढे येऊन बसली. मी सावकाश तेल मुरवलं, तीन पेडांची वेणी घातली, खाली लाल रिबीन, शाळेत असायची तशी. रात्रभर तशीच झोपली. सकाळी आम्ही दोघी जाऊन कापून आलो. मान इतकी लांब आहे तिची, मला माहीतच नव्हतं. वेणी घरी आणली आहे.

ट्रंक भरून झाली. पातळ पंचे ह्यांनी कारखान्यातल्या ओळखीच्या मागावर मुद्दाम काढून आणले, एका कडेला निळी रेघ. चादर सुभेदारसाहेबांनी सांगितलेली, एकेरी. चटणी गाडीपुरती. दोन कुलपं, प्रत्येकाच्या दोन किल्ल्या. एक जोड तिच्या गळ्यात दोऱ्यात, एक माझ्याकडे, हरवली तर असावी म्हणून. आता निघतोय स्टेशनला.

सुभेदार_मोहोळ
वहिनी, दुसरी जोडही तिलाच द्या. हातातल्या पिशवीत, कागदांच्या आत. कुलूप चेन्नईत आणि किल्ली जुळे सोलापुरात, तिला काय उपयोग?

मीना_जुळेसोलापूर
खरंय. स्टेशनवरच आहोत, गाडी पाऊण तास उशिरा आहे. माझ्या जुडग्यातून काढतेय.